ओटीपोटात कळ, आणि आईच्या डोळ्यांदेखत मागितलेली लघवीची डबी

कुळागर
दहा दिवस लिहू की नको करत होते. धाकटी बहीण इस्पितळातून घरी आली आहे, पेज-लोणच्यावरून आता शीत-कडीवर पोचली आहे, म्हणून लिहिते.

आमचं घर फोंड्याच्या आतल्या अंगाला. धाकटी २२ वर्षांची. त्या शनिवारी रात्री साडेनऊला जेवणानंतर ताटं विसळताना तिच्या ओटीपोटात उजवीकडे अशी कळ आली की हातातलं ताट खाली पडलं. पाठोपाठ दोन उलट्या. पाळीला अजून दहा दिवस होते, तरी आजीने निकाल दिला, "पाळयेचेंच गो तें." आईने हिंग कालवून बेंबीभोवती लावला, ओवा चावायला दिला, गरम पाण्याची पिशवी ठेवली. अकराला उतरलं. सगळे झोपले. दोनला परत तेच, पहिल्यापेक्षा वाईट. सकाळी जवळच्या एका डॉक्टरांनी अॅसिडिटीचं इंजेक्शन दिलं. मी पणजीहून पोचेपर्यंत दुपारचे साडेबारा झाले होते आणि ती गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. तशीच गाडीत घातली.

इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टरीण होती. पोट दाबून बघितलं आणि आई, काका, मी, सगळ्यांसमोर विचारलं, "लग्न झालंय? शेवटची पाळी कधी? संबंध आलेत का?" धाकटी नाही म्हणाली. बाईंनी नुसती मान हलवली आणि नर्सला सांगितलं, यूपीटी करा. म्हणजे गरोदरपणाची चाचणी. आईने त्या बाईंना तिथेच जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. काका बाहेर जाऊन उभे राहिले.

चाचणी निगेटिव्ह. सोनोग्राफीत उजव्या अंडाशयावर सात सेंटिमीटरची गाठ, आणि गाठीच्या वजनाने अंडाशयाला पीळ पडलेला. त्याच संध्याकाळी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. अंडाशय वाचलं.

आईचा राग अजून उतरलेला नाही. आजारावर नाही, त्या डबीवर. तर मला विचारायचंय की मुलगी स्पष्ट नाही म्हणत असताना ती चाचणी खरंच लागते का? आणि आम्ही घरी पंधरा तास घालवले, ते कशावरून कळायला हवं होतं? ही दुसरी गोष्ट मला जास्त खाते आहे.

पाणवठा
आधी धाकटीला माझ्याकडून एक शहाळं. दुसरं, काका बाहेर जाऊन उभे राहिले हे वाचून हसलो, माफ करा. प्रत्येक घरात एक काका असतो.

तुळशीवृंदावन
मी तुमच्या आईच्या बाजूने. मलाही दोन मुली आहेत. डॉक्टरांना पेशंटच्या शब्दावर विश्वास नसेल तर प्रश्न विचारायचाच कशाला? सरळ डबी हातात द्यायची. आणि गाव केवढंसं! कॅज्युअल्टीत ओळखीचं कोणीतरी असतंच. 'अमक्याच्या मुलीची तसली टेस्ट केली' एवढं बाजारात पोचायला मासळी विकायला लागतो तेवढाही वेळ लागत नाही.

रात्रपाळी
वीस वर्षं कॅज्युअल्टीत काढली आहेत, नर्स म्हणून. तुळशीवृंदावन, विश्वासाचा प्रश्नच नाही हो. बारा-तेरा वर्षांपासून पाळी जाईपर्यंतची कुठलीही बाई ओटीपोटात दुखतंय म्हणून आली की ही चाचणी होते. नाडी, रक्तदाब, ताप बघतो तशीच. लग्न झालेलं, न झालेलं, नवरा बोटीवर असलेली, गर्भाशयाच्या नळ्या बांधलेली, सगळ्यांची. कॉन्व्हेंटमधल्या एका सिस्टरची केली आहे. त्या हसल्या, डबी घेऊन गेल्या, आणि परत येताना म्हणाल्या, "निकाल देवाला आधीच ठाऊक आहे, तुम्ही तुमचं समाधान करून घ्या."

केमिस्टकडे ५०-६० रुपयांना मिळते ती पट्टी. पाच मिनिटांत उत्तर. आणि ती न केल्यामुळे काय होतं ते मी बघितलेलं आहे.

दोडामार्गी
वरच्या शेवटच्या वाक्यासाठी लिहितो. एरवी मी नुसता वाचतो.

बायको तेव्हा २९ ची. दोन मुलं, दुसऱ्या बाळंतपणानंतर कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं. एक दिवस सकाळपासून ओटीपोटात डावीकडे दुखत होतं, पाळी आठवडाभर उशिरा येऊन थोडे डाग पडत होते. एका दवाखान्यात गेलो. तिथे म्हणाले ऑपरेशन झालंय ना, मग ते काही नाही, गॅस असेल. आम्हालाही पटलं. संध्याकाळी आडवी पडली की उजवा खांदा दुखतो म्हणायला लागली. मी म्हटलं, घागर उचलली असशील. मी तिच्या खांद्याला बाम चोळला. रात्री न्हाणीत चक्कर येऊन पडली.

शेजाऱ्याच्या गाडीने अस्नोड्यावरून म्हापसा, तिथून सरळ बांबोळीचं मोठं सरकारी इस्पितळ. रस्ताभर ती पांढरी होत चालली होती. गर्भ नळीत राहिला होता आणि नळी फुटली होती. पोटात दीड लिटर रक्त. पोचल्यापासून पाऊण तासात टेबलावर घेतली म्हणून आज ती माझ्या मागे उभी राहून हे वाचते आहे आणि 'बामाचं कशाला लिहिलंस' म्हणते आहे.

ती ५० रुपयांची पट्टी सकाळी केली असती तर?

माडाची सावली
दोडामार्गी, वहिनींना नमस्कार. बामाचं लिहिलंत ते फार बरं केलंत. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, त्या खांद्याचं कारण सांगते. पोटात रक्त साठलं की ते वर सरकून श्वासपटलाला, म्हणजे छाती-पोटाच्या मधल्या पडद्याला, लागतं. श्वासपटलाची संवेदना नेणारी नस मानेतून येते, खांद्याच्या टोकाची कातडीही त्याच पातळीच्या नसांवर. मेंदूची गफलत होते, दुखणं खांद्याचं वाटतं. ओटीपोटात दुखणं, पाळी चुकलेली किंवा विचित्र आलेली, आडवं पडल्यावर खांद्याच्या टोकाशी कळ, उभं राहिल्यावर घेरी: हे चार एकत्र दिसले तर कपडे बदलण्यातही वेळ घालवू नका.

आणि नळ्या बांधलेल्या बाईत गर्भ राहणं दुर्मीळ, पण राहिलाच तर तो नळीत असण्याचा धोका उलट वाढतो. कॉपर-टी असताना राहिला तरी तसंच. त्यामुळे "ऑपरेशन झालंय, ते काही नाही" हे उलटं तर्कशास्त्र झालं.

आता कुळागरताईंच्या पहिल्या प्रश्नाकडे. चाचणी हवीच होती. तिच्या उत्तरावर पुढचा सगळा रस्ता ठरतो: सीटी स्कॅन करायचा की टाळायचा, कुठली औषधं द्यायची, कुणाला फोन करायचा, सर्जनला की मला. पॉझिटिव्ह आली असती तर सोनोग्राफीत आधी गर्भ गर्भाशयात आहे की बाहेर हे बघितलं असतं. निगेटिव्ह आली म्हणून लगेच अंडाशय आणि अपेंडिक्सकडे वळता आलं. म्हणजे त्या 'अपमानाने'च तुमच्या बहिणीचं निदान लवकर झालं.

पण त्या डॉक्टरीणबाई चुकल्या, आणि ते मी माझ्याच शाखेबद्दल म्हणते. काका उभे असताना तो प्रश्न विचारायचा नसतो. आईलाही प्रेमाने बाहेर पाठवायचं, पडदा ओढायचा, आणि मग विचारायचं. आईसमोर २२ वर्षांची मुलगी दुसरं काय उत्तर देणार? प्रश्न असा विचारला की उत्तराला किंमत राहत नाही, आणि उत्तराला किंमत नाही म्हणून चाचणी करावी लागते. तुळशीवृंदावन यांचा राग मला तेवढ्यापुरता मान्य आहे.

तुळशीवृंदावन
आईला बाहेर पाठवायचं म्हणजे आईपासून लपवायचं. हेच चाललंय सगळीकडे.

उसळमिसळ
@तुळशीवृंदावन काकू, रागावू नका, पण ऐका.

मी मूळची कोल्हापूरची, नोकरीसाठी पर्वरीत पीजीवर राहते. पूर्वीच्या खोलीतली एक मुलगी, पाळी चुकली, घरी कळेल म्हणून घाबरली, कुठल्याशा केमिस्टकडून गर्भपाताच्या गोळ्या आणल्या. रक्त गेलं. तिला वाटलं, सुटलो. आठ दिवसांनी ओटीपोटात भयंकर दुखायला लागलं, तर ती म्हणे गोळ्यांचाच त्रास असणार. गर्भ नळीत होता. त्या गोळ्या नळीतल्या गर्भावर काम करत नाहीत हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, कारण तिने कोणाला विचारलंच नव्हतं. इस्पितळात पण पहिला तासभर तिने 'नाही, नाही' हेच सांगितलं, कारण गावाहून आलेली मावशी शेजारी बसली होती. नर्सने मावशीला 'केसपेपर काढून आणा' म्हणून लांब पाठवलं तेव्हा ती बोलली.

मुलगी लपवते ती डॉक्टरांमुळे नाही, काकू.

रात्रपाळी
केसपेपरची युक्ती जुनी आहे. दुसरी म्हणजे "पेशंटचं वजन करायचंय, नातेवाईक बाहेर थांबा." वजनकाटा बंद असला तरी चालतो.

आल्याचा काढा
एवढं घाबरवू नका लोकांना. ९० टक्के पोटदुखी कोठ्याची असते. रात्री दोन चमचे एरंडेल गरम दुधातून, सकाळी पोट साफ, दुखणं गायब. आमच्या आजोबांनी असेच गाव बरे केले.

जुना टाका
अहो, थांबा. निवृत्त सर्जन आहे मी, आणि एरंडेलाने फुटलेली अपेंडिक्सं मी स्वतःच्या हातांनी धुतली आहेत. कारण माहीत नसलेल्या पोटदुखीत जुलाबाचं औषध नाही, एनिमा नाही. सुजलेल्या आंत्रपुच्छाला आतडं जोराने आवळलं की ते फुटतं, पू पोटभर पसरतो. तुमच्या आजोबांनी बरे केलेले लोक तुम्हाला सांगायला राहिले. इतरांचं सांगायला कोण येणार?

आता जरा सविस्तर लिहितो, म्हातारपणी वेळ भरपूर आहे. मी शिकलो ते पणजीच्या जुन्या इमारतीत, जिथे आता इफ्फी चित्रपट महोत्सवाची गर्दी जमते. १८४२ साली पोर्तुगिजांनी काढलेली वैद्यकीय शाळा ती. आमच्या वेळी सोनोग्राफी नव्हती. बोटं होती. उजवीकडे ओटीपोटात दुखणारी तरुण मुलगी आली की आम्ही दोन गोष्टी विचारायचो: दुखणं सुरू कुठे झालं, आणि भूक आहे का.

अपेंडिक्सचं दुखणं बहुधा बेंबीभोवती सुरू होतं, मोघम, बोट ठेवून दाखवता येत नाही असं. मग जेवण नकोसं होतं, मळमळतं, एखादी उलटी. काही तासांनी, कधी दिवसभराने, दुखणं खाली उजवीकडे 'बसतं', आणि मग पेशंट एका बोटाने जागा दाखवतो. कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून बेंबीपर्यंत रेघ ओढा, हाडाकडून एक तृतीयांशावर ती जागा. मॅकबर्नीने १८८९ मध्ये दाखवून दिली, अजून त्याच्याच नावाने ओळखतात. आधी दुखणं, मग उलटी, हा क्रम. आधी उलट्या-जुलाब आणि मग दुखणं असेल तर बहुतेक वेळा खाण्यातलं काहीतरी.

कुळागरताईंच्या बहिणीचं तसं नव्हतं बघा. घड्याळात वेळ सांगता यावी असं अचानक, थेट उजवीकडे, लगेच उलटी, मग उतरलं, मग परत. असं एका क्षणात आलेलं दुखणं म्हणजे काहीतरी पिळलंय, फुटलंय किंवा अडकलंय. अपेंडिक्स असं घंटा वाजवून येत नाही.

आणि एक कबुली. आम्ही अपेंडिक्स म्हणून पोट उघडायचो त्यात पाचातलं जवळजवळ एक निरोगी निघायचं, तरुण मुलींत तर त्याहून जास्त. मग आत हात घालून बघायचं तर कधी अंडाशयावरची गाठ फुटलेली, कधी नळी सुजलेली. म्हणून तरुण मुलीचं उजवं ओटीपोट सर्जनला नेहमी नम्र ठेवतं.

भिरंडसाल
'आंत्रपुच्छ' हा शब्द शाळेच्या पुस्तकानंतर आज वाचला. आमच्याकडे सगळे 'अपेंडिस' म्हणतात. "तिचें अपेंडिस काडलें."

पाणवठा
आंत्रपुच्छ म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर शेपटी हलवणारं आतडं येतं. पण 'ओटीपोट' हा शब्द मात्र काय सुंदर आहे! जिथे ओटी भरतात ते पोट. इंग्रजांना त्यासाठी दोन शब्द जोडून 'खालचं पोट' म्हणावं लागतं.

भिरंडसाल
ओटी भरायची जागा म्हणूनच तर तिथलं दुखणं सगळ्या गावाचं होतं.

पाणवठा
हे तू गमतीत लिहिलंस की गंभीरपणे?

भिरंडसाल
मलाही कळलं नाही.

जुना टाका
पाणवठा, तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट. इंग्लंडमध्ये २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अपेंडिक्सच्या संशयाने आलेल्या पेशंटना विचारलं, इस्पितळात येताना गाडी गतिरोधकावरून गेली तेव्हा दुखणं वाढलं का? ज्यांना खरंच अपेंडिक्स निघालं अशा ३४ पैकी ३३ जण हो म्हणाले. पोटाच्या आतल्या अस्तराला सूज असली की हिसका सहन होत नाही. आम्ही खोकायला सांगायचो किंवा टाचांवर आपटायला, त्यातलाच प्रकार.

पाणवठा
डॉक्टर, आमच्या रस्त्यांवर ही परीक्षा घेतली तर अख्ख्या गोव्याचं अपेंडिक्स काढावं लागेल. मोटारसायकल-टॅक्सीवाल्या पायलटसकट.

जुना टाका
बरोबर पकडलंत! त्या अभ्यासातही अपेंडिक्स नसलेले पुष्कळ लोक हो म्हणाले होते. म्हणजे हिसक्याने दुखलं तर अपेंडिक्स असेलच असं नाही, पण अजिबात दुखलं नाही तर शक्यता पुष्कळ कमी. पोट तपासताना असंच चालतं, एका खुणेवर कोणी चाकू उचलत नाही.

उसळमिसळ
मला दर महिन्याला पाळीच्या बरोब्बर मध्यावर एका बाजूला दुखतं. कधी डावीकडे, कधी उजवीकडे. काही तास, फार तर दीड दिवस. हे वाचून आता मला रात्री झोप नाही.

माडाची सावली
झोपा शांतपणे. अंडाशयातून बीज बाहेर पडतं तेव्हाचं ते दुखणं. जर्मन भाषेत त्याला नावच 'मधलं दुखणं' अशा अर्थाचं आहे. नेमाने मध्यावर येणारं, सौम्य, आपोआप जाणारं असेल तर काळजी नाही. पाळीच्या उत्तरार्धात, विशेषतः धावपळीनंतर किंवा संबंधांनंतर अचानक जोराने दुखलं तर मात्र बीज सुटलेल्या जागी राहिलेली गाठ फुटलेली असू शकते. बहुतेकदा विश्रांतीने भागतं, क्वचित रक्तस्राव जास्त होतो.

आणि दुखण्याबरोबर ताप, अंगावरून घाणेरडा वास येणारं पांढरं-पिवळं जाणं असेल तर नळ्यांना जंतुसंसर्ग. लाजून महिनाभर अंगावर काढला तर नळ्या चिकटतात, पुढे मूल राहायला अडचण येते आणि नळीत गर्भ राहण्याची शक्यता वाढते. दोन आठवड्यांच्या गोळ्यांत भागणारी गोष्ट असते.

भिरंडसाल
माझ्या भाचीचं किडनीस्टोन निघालं होतं. कमरेतून सुरू होऊन जांघेपर्यंत. त्यात आणि यात फरक काय?

रात्रपाळी
दारातून आत येताना कळतं. खड्याचा पेशंट एका जागी बसत नाही, येरझाऱ्या घालतो, भिंतीला डोकं टेकवतो. पोटात पू किंवा रक्त असलेला पेशंट हलतच नाही, हळू बोलतो, स्ट्रेचरला धक्का लागला तरी ओरडतो. मला खरी भीती गप्प पडलेल्याची वाटते. तरुण मुलींचं शरीर पुष्कळ वेळ तग धरतं. रक्तदाब चांगला दिसतो, नाडी मात्र ११०-१२० च्या पुढे पळत असते. आणि मग एकदम कोसळतात.

काळापांढरा पडदा
सोनोग्राफीच्या खोलीतून बोलतो. दोन गोष्टी.

पोटावरून करायच्या सोनोग्राफीला मूत्राशय भरलेलं लागतं, म्हणून लोक वाटेत लिटरभर पाणी पाजून आणतात. शस्त्रक्रियेची शक्यता असेल तर तोंडाने काहीच द्यायचं नसतं. भूल देणारे डॉक्टर मग आमच्या नावाने बोटं मोडतात. त्यामुळे दुखणं जोराचं असेल तर पाणी, चहा, पेज काही नको. गरज पडली तर आम्ही नळीने मूत्राशय भरतो किंवा सलाइनने भरायची वाट बघतो.

दुसरं, पीळ पडलेल्या अंडाशयात डॉपलरवर रक्तप्रवाह दिसला तरी पीळ नाही असं म्हणता येत नाही. अंडाशयाला दोन बाजूंनी रक्त येतं आणि पीळ अर्धामुर्धा असू शकतो. एवढ्यावरून घरी पाठवलेल्या मुली परत आलेल्या आहेत.

आणि हो, अविवाहित मुलीची सोनोग्राफी म्हणजे आतून करतात का, असं दर दुसरी आई विचारते. नाही. पोटावरूनच करतो. आतून जास्त स्पष्ट दिसतं, पण ती पेशंटच्या संमतीशिवाय होत नाही.

पाणवठा
तुमच्या खोलीबाहेरची ती पाटी, 'येथे लिंगनिदान केले जात नाही'. माझी पोटाची सोनोग्राफी होती, पित्तखड्याची. मी पाटी वाचून म्हटलं, बरं झालं, मला माहीतच आहे.

काळापांढरा पडदा
हा विनोद मी १९९४ चा कायदा लागू झाल्यापासून आठवड्यातून एकदा ऐकतो. तरी हसतो.

कुळागर
सगळ्यांचे आभार. 'काळापांढरा पडदा' यांनी लिहिलेलं वाचून काटा आला, कारण आम्ही नेमकं तेच केलं. गाडीत पाण्याची बाटली आणि पेजेचा डबा. शस्त्रक्रिया त्यामुळे संध्याकाळवर गेली.

अजून एक आठवलं. धाकटीला गेल्या महिन्यात दोनदा असंच उजवीकडे दुखून तासाभरात थांबलं होतं. एकदा स्कूटरवरून उतरताना, एकदा झोपेत कूस बदलताना. तिने मला सांगितलं होतं. मी म्हटलं, पाणी कमी पितेस.

माडाची सावली
गाठ असलेलं अंडाशय असं अर्धवट पिळतं आणि आपोआप सुटतं. मागून बघताना गोष्ट सरळ वाटते, तेव्हा वाटत नाही. स्वतःला फार टोचू नका. पण हे इतिहास सांगताना डॉक्टरांना नक्की सांगावं.

एक दिलासा. पूर्वी पिळलेलं अंडाशय निळं-काळं दिसलं की काढूनच टाकायचे. आता पीळ सोडवतात आणि शक्यतो ठेवतात. काळवंडलेलं अंडाशयही बरेचदा पुन्हा काम करायला लागतं. गाठ कसली होती?

कुळागर
डरमॉइड. साधी आहे असं रिपोर्टमध्ये आलंय.

आल्याचा काढा
एरंडेलाबाबत माघार. पण ओवा-हिंगाने नुकसान काय झालं ते सांगा. उगाच सगळं घरगुती वाईट म्हणायची फॅशन आहे.

जुना टाका
हिंगाने नुकसान शून्य. हिंगानंतर झोपी गेल्याने नुकसान. ओवा द्या, घड्याळ लावा. तीन-चार तासांत उतरलं नाही, किंवा उतरून पुन्हा आलं, किंवा सोबत उलटी, ताप, घेरी आहे, तर निघा.

तसंच, वेदनाशामक दिलं तर डॉक्टरांना निदान करता येणार नाही, म्हणून मुलीला तळमळत ठेवायचं, ही आमच्या पिढीची शिकवण. ती आता मागे पडली आहे. इस्पितळात पहिल्या तपासणीबरोबरच दुखणं कमी करायचं इंजेक्शन देतात, आणि पोट सैल पडल्यामुळे उलट तपासता नीट येतं. आम्ही किती पोरींना उगाच रडवलं कोण जाणे.

दोडामार्गी
आम्हा सीमेवरच्या लोकांना 'निघा' म्हणणं सोपं नसतं. रात्री गाडी कोणाची, पैसे किती, गोव्यात घेतील का, इथपासून सुरुवात. गोव्यात राहणाऱ्यांनी १०८ फिरवायला लाजू नये एवढंच म्हणतो.

तुळशीवृंदावन
रात्री परत सगळं वाचलं. उसळमिसळच्या मैत्रिणीचं वाचून झोप लागली नाही. माझी थोरली पुण्याला पीजीवर असते. आज सकाळी तिला फोन केला आणि विचारलं, तुला कधी असं काही झालं तर मला सांगशील ना? ती म्हणाली, "आई, तू आधी ओरडशील की आधी विचारशील?" मी फोन ठेवला. मग परत लावला.

चाचणीचं पटलं. काकांसमोर विचारण्याचं पटलेलं नाही आणि पटणार नाही.

रात्रपाळी
ते आम्हालाही पटत नाही हो. तुम्हीच म्हणायचं असतं तेव्हा, "सगळे बाहेर थांबतो, तुम्ही तिच्याशी बोला." नातेवाईकांनी असं आपणहून म्हटलेलं मी वीस वर्षांत फार तर चारदा ऐकलंय. आणि तपासणारे डॉक्टर पुरुष असतील तर शेजारी बाई हजर असण्याचा हक्क पेशंटला आहे, तो मागून घ्यायचा.

ती धाकटी मीच
ताईने धाग्याची लिंक दिली. खातं उघडून लिहिते आहे, टाके अजून ओढतात त्यामुळे थोडक्यात.

मला डबीचा राग आला नव्हता. त्या वेळी कोणी माझ्या कुंडलीची फोटोकॉपी मागितली असती तरी दिली असती, फक्त दुखणं थांबवा म्हटलं असतं. मला वाईट वाटलं ते आई भांडत असताना. ती माझ्यासाठी भांडत होती हे कळत होतं, पण त्या दहा मिनिटांत माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. डॉक्टरीण आईकडे, आई डॉक्टरणीकडे, काका दाराकडे. फक्त ताईने पाय धरले होते.

दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरीणबाई वॉर्डात आल्या होत्या. ड्युटी नव्हती त्यांची. मला म्हणाल्या, काल तुला एकटीला विचारायला हवं होतं, गर्दीत राहून गेलं. आई तेव्हा खाली औषधं आणायला गेली होती. मी हे आईला अजून सांगितलेलं नाही. ताई, तू सांग.

कुळागर
सांगते. आज चवथीच्या माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं टांगायच्या चौकटीचं, सामान काढायला बसणार आहोत, तेव्हा.

पाणवठा
धाकटे, एकच विचारायचं होतं. डरमॉइडच्या गाठीत म्हणे केस आणि दात पण निघतात. खरं का?

ती धाकटी मीच
केस होते. दात नव्हता. डॉक्टरांनी फोटो दाखवला तेव्हा आजी म्हणाली, "केस तरी लांब आसात मगो?"